अकरा पुडकी घेऊन गुलमर्गला

ये गं, अशी जवळ ये. खुर्ची नको, इथं माझ्याशेजारी बस, आणि तो मोबाइल जरा पालथा ठेव. मला राग आलाय तुझा. लेकरांना बर्फ दाखवायला गुलमर्गला न्यायचं म्हणून तू चार दिवस त्या मोबाइलला विचारत बसलीस, मैत्रिणीला विचारलंस, पुण्यातल्या कुठल्याशा प्रवासवाल्याला विचारलंस. आणि तुझी चुलत सासू एकाहत्तराव्या वर्षी तिथं जाऊन आली, तिला एक फोन करावा असं तुझ्या मनात आलं नाही. असू दे. तू पुण्यात, मी पलूसला, त्यामुळं लिहूनच सांगते. पण लिहिताना तू माझ्या मांडीला मांडी लावून बसलीयस असंच धरून चालणार आहे मी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढचं सगळं रद्दीच्या कागदांवर वाचून शिकलेलं, तेव्हा चुका काढू नकोस.

तू शहरातली, म्हणून आधी हे सांगते. आपल्याकडची, म्हणजे विटा, खानापूर, आटपाडी, पलूस या भागातली माणसं गलाईच्या धंद्याला देशभर गेलीत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायची. सराफ बाजार असेल तिथं एखाद्या बोळात आपल्या माणसाची भट्टी असणारच. माझ्या मालकांची भट्टी उत्तरेतल्या एका गावात होती. एकोणीस वर्षं मी त्या भट्टीमागच्या खोलीत संसार केला. तोडकंमोडकं हिंदी तिथंच शिकले आणि परमुलखात हात-पाय न गाळता राहायचं कसं, तेही तिथंच. मालक गेले, मी गावी आले, थोरला मुलगा ऊस आणि द्राक्षबाग बघतो. आणि या थोरल्याची मुलगी, माझी नात, बर्फावर घसरायला शिकवते.

घसरायला म्हणते म्हणून हसू नकोस. थोरलाही असाच म्हणायचा. कॉलेजात परेड करता करता ती डोंगर चढायच्या शिबिराला गेली, तिथून बर्फात गेली आणि पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून खाली यायला शिकली. आता गुलमर्गला लोकांना शिकवते, थंडीभर तिथं राहते आणि शर्यतीतही उतरते. थोरल्याला ते पटत नव्हतं. गावात कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर तो म्हणायचा, नोकरी करते, आणि लगेच पावसापाण्यावर जायचा. यंदा कराडचं एक चांगलं स्थळ आलं. त्यानं फोनवर तिला सांगून टाकलं की माघातली शर्यत झाली की सामान बांध आणि ये.

ती रडली नाही. तिनं एवढंच मागितलं, की घरातलं एक माणूस येऊन मला शर्यतीत बघू दे, मग तुम्ही म्हणाल तसं.

थोरला म्हणाला, त्यात बघायचं काय? मी परातीत मेथी निवडत होते. म्हटलं, मी जाते.

थोरला हसला. "आई, गुडघ्याला पट्टा बांधून तू बाजारात जातीस. काश्मीरला जाणार व्हय?"

"जाणार. आणि बघून आल्यावर मी जे म्हणीन ते शेवटचं. हाय का कबूल?"

"रविवारी धाला शर्यत हाय. त्याच्या आधी पोचलीस तर तुझा शब्द शेवटचा. न्हाई पोचलीस तर माझा."

त्यानं हे इतक्या आनंदानं कबूल केलं की मला कळलं, मी पोचणार नाही अशी त्याला खात्री आहे. मग मात्र मला जायलाच हवं होतं.

नातीनं लगेच जायच्या वाटा बोलून पाठवल्या. पहिली, पुण्याहून विमान, दिल्लीला बदलून श्रीनगर, तिथून गाडीनं टंगमर्ग आणि वर गुलमर्ग. दुसरी, पुण्याहून जम्मूपर्यंत रेल्वे, जम्मूहून घाटरस्त्यानं श्रीनगर. पण तो घाट बर्फात बंद पडतो. तिसरी, जम्मूजवळच्या कटऱ्याहून श्रीनगरला आता रेल्वे सुरू झालीय, ती बोगद्यांतून जाते, तिला बर्फाचं भय कमी. शेवटी म्हणाली, आज्जी, तू विमानानंच ये, तिकीट मी काढते. काढलंही. मंगळवारी सकाळचं. रविवारच्या शर्यतीला पाच दिवस हातात, आणखी काय पाहिजे.

आता माझी चूक ऐक. आपली रीत तुला माहीत आहे. उत्तरेकडं कुणी निघालं असं गलाईवाल्यांच्या घरांत कळलं, की प्रत्येक घरातून पुडकं येतं. आमच्या धाकट्याला एवढं द्या, माझ्या लेकीला एवढं पोचवा. सोमवारी दुपारपर्यंत माझ्या ओसरीवर अकरा पुडकी जमली. मांजरपाटाच्या कापडात शिवलेली, वर शाईनं पत्ता आणि फोन नंबर. कशात घाटी मसाला, कशात हळद, कशात बेदाणे, कशात डिंकाचे लाडू. सूनबाई म्हणाली, आत्याबाई, विमानात एवढं घेत नाहीत. मी म्हटलं, आईनं लेकासाठी शिवलेलं पुडकं नको म्हणायचं असेल तर ते तू जाऊन सांग. ती काही गेली नाही.

विमानतळावर भाच्यानं सोडलं. पुण्यातला माझा भाचा गं, भावाचा मुलगा. बॅग त्या यंत्रातून गेली आणि मला बाजूला बोलावलं. एक बाई होती, लेकीच्या वयाची, नम्र होती बिचारी. म्हणाली, आजी, यात सुकं खोबरं आहे, ते विमानात चालत नाही, पेट घेतं, तेवढं काढून टाका. आता अकरा पुडक्यांतल्या कशात खोबऱ्याच्या वाट्या आहेत हे मला काय ठाऊक? ती म्हणाली, फाडून बघा.

फाडून. दुसऱ्याच्या आईनं टाके घालून दिलेलं पुडकं फाडायचं आणि फाटकंच नेऊन त्या पोराच्या हातात द्यायचं? मी तिथंच फरशीवर बसले, अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक टाका उसवायला लागले. बटव्यात सुईदोरा होताच. उसवायचं, बघायचं, खोबरं काढायचं, परत शिवायचं. पाच पुडकी झाली, पाचांत खोबरं निघालं. सहावं शिवत होते तेव्हा ती मुलगी वाकून म्हणाली, आजी, तुमच्या विमानाचं दार बंद झालं.

हो. विमान गेलं आणि मी सुई हातात घेऊन फरशीवर. आता सांगताना हसू येतं, तेव्हा कानशिलं गरम झाली होती. भाचा माघारी न्यायला आला. थोरल्याचा फोन आला, त्याला सगळं कळलं होतं. तो काही वाईट बोलला नाही. उलट मऊ आवाजात म्हणाला की आई, आता घरी ये, तू गेलीस ते लय झालं. त्या मऊपणानंच मी पेटले. मी भाच्याला म्हटलं, मला पलूसची गाडी दाखवू नकोस, जम्मूची दाखव.

दहा वाजता तो मोबाइल घेऊन बसला आणि तत्काळमध्ये दुसऱ्या दिवशीच्या जम्मूच्या गाडीचं एक तिकीट मिळालं. बुधवारी संध्याकाळी निघायची, शुक्रवारी सकाळी पोचायची. म्हणजे पाच दिवसांचे दोन उरले. उरलेल्या पुडक्यांतलं खोबरं मात्र मी राहू दिलं. रेल्वेला खोबऱ्याचं वावडं नाही.

गाडी दौंड सोडून पुढं गेली तेव्हा मी पुडक्यांवरचे नंबर बघितले आणि डोक्यात उजेड पडला. अगं, मी एकटी कुठं होते? जम्मू, कटरा, श्रीनगर, तिन्ही ठिकाणांची पुडकी माझ्या बाकाखाली होती. गुरुवारी सकाळी जम्मूच्या नंबरवर फोन लावला. आटपाडीकडची बाई निघाली. मी म्हटलं, तुझ्या सासूनं हळद आणि लाडू पाठवलेत, आणि मला रविवारी सकाळी धाच्या आत गुलमर्गला उभं राहायचंय. ती म्हणाली, मावशी, घाट कालपासून बंद हाय, श्रीनगरची विमानं बी उडंनात. मग तीच म्हणाली, थांबा, कटऱ्याच्या ताईला इचारते, रेल्वे चालू हाय का बघू.

तासाभरानं तिचाच फोन. रेल्वे चालू आहे, पण घाट बंद म्हणून सगळी गर्दी तिच्यावर पडलीय. कटऱ्याची ताई, तीसुद्धा गलाईवाल्याचीच बायको, दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटाच्या खिडकीवर रांगेत उभी राहायला तयार झाली. कोण कुठली बाई, मी तिला कधी बघितलंही नव्हतं. तिच्या आईचं पुडकं तेवढं माझ्यापाशी होतं.

शुक्रवारी जम्मूला उतरले तर फलाटावर ती आटपाडीची बाई दोन्ही हात पसरून उभी. घरी नेलं, कढत पाण्यानं पाय शेकले, बाजरीची भाकरी वाढली. बाजरी तिकडं कुठून आणते विचारलं तर म्हणाली, आमची माणसं आणत्यात, तुमच्यासारखी. जेवता जेवता कटऱ्याहून निरोप आला, तिकीट मिळालं. त्या दोघींना फोनवर बोलताना ऐकायला पाहिजे होतंस. एक म्हणते, खिडकीची जागा घेतलीस का, दुसरी म्हणते, व्हय की, आईच्या वयाची बाई हाय, दार बघत जाईल का?

संध्याकाळी कटऱ्याला ताईकडं पोचले, तिच्या आईचं पुडकं तिच्या हातात दिलं आणि रात्री तिथंच राहिले. शनिवारची ती श्रीनगरची गाडी मला जन्मभर लक्षात राहील. बोगद्यात शिरली की अंधार, बाहेर पडली की पांढरं. एके ठिकाणी पूल एवढा उंच की खाली नदी दोऱ्यासारखी दिसली. शेजारचा काश्मिरी माणूस म्हणाला, माँजी, डर लगता है? मी म्हटलं, भैया, डर तो कल दस बजे का है. त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला सगळी हकिकत सांगितली, बाकाच्या अलीकडच्या-पलीकडच्यांनीही ऐकली, आणि श्रीनगर येईपर्यंत अख्खा डबा मला वेळ सांगत होता.

श्रीनगरला आपल्या विट्याकडचे एक म्हातारे गलाईवाले आहेत. चाळीस वर्षं झाली तिथं. माझ्या मालकांना ओळखायचे, म्हणून मला वहिनी म्हणतात. पुडकं हातात घेतलं, नाकाला लावलं, घाटी मसाल्याचा वास आला तसे डोळे मिटून क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, वहिनी, चहा गाडीत पिऊ, बर्फ थांबलाय तोवर निघू. त्यांनी ओळखीचा गाडीवाला आधीच सांगून ठेवला होता. अंधार पडायच्या आत आम्ही टंगमर्गला पोचलो. तिथून गुलमर्ग तेरा किलोमीटर, पण सगळी चढण. चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच वर सोडतात, आणि अंधारात तीही नाही.

म्हाताऱ्यांच्या घरमालकाची बहीण टंगमर्गला राहते, तिच्याकडं उतरलो. तिनं मला त्यांचा तो घोळदार फेरन घातला आणि आत धरायला कांगडी दिली. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे. नवखा माणूस हात भाजून घेतो म्हणे. मी निखाऱ्यावर राख सारली, एका बाजूनं थोडी हवा ठेवली. एकोणीस वर्षं भट्टीचा कोळसा जपलेला हात तो. ती बाई बघत राहिली आणि म्हाताऱ्यांना काहीतरी म्हणाली. ते हसून सांगायला लागले, ती म्हणते, ही बाई आमच्यातलीच आहे. मला त्या वेळी पदक मिळाल्यासारखं झालं बघ.

रविवारी साडेसातला आम्ही साखळ्यांच्या गाडीत बसलो. थोरल्याचा फोन आला, कुठं आहेस? मी म्हटलं, चढणीला लागले. त्यानं बराच वेळ फोन ठेवला नाही.

आणि मग गाडी थांबली. पुढं एक गाडी आडवी घसरून रस्त्यावर रुतली होती, पुढं-मागं रांग. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. गाडीवाला खाली उतरून बघून आला, म्हणाला, दोन घंटे. वर अजून अडीच किलोमीटर.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं काही माणसं लाकडी गाडे ओढत वर निघाली होती. तो गाडा म्हणजे चाकं नसलेली घसरगाडी, पाहुण्यांना त्यावर बसवून बर्फात फिरवतात. मी दार उघडून त्यातल्या दोघा भावांना थांबवलं आणि मला वर न्या म्हटलं. थोरला भाऊ म्हणाला, माँजी, ये नीचे आने के लिए है, ऊपर कोई नहीं बैठता. मी म्हटलं, माझी नात दहा वाजता त्या डोंगरावरून खाली येणार आहे, तिनं मला खाली उभं असलेलं बघायला पाहिजे. त्यानं विचारलं, कोण नात? मी तिचं नाव सांगितलं. आणि अगं, त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, मॅडम? आमच्या वस्तीतल्या पोरांना त्याच शिकवतात, शुक्रवारी, पैसे न घेता. बसा.

हे मला ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हातारे गाडीपाशीच थांबले. एक पुढून ओढतोय, एक मागून ढकलतोय, मी मधे कांगडी पोटाशी धरून. फार चढ आला की उतरून त्याच्या खांद्याला धरून चालायची. श्वास पुरेना. गुडघा तर बोलायचाच थांबला. देवदारांच्या मधून जवळची वाट काढली त्यांनी. मी त्यांना म्हटलं, दमलात बाबांनो. तर धाकटा म्हणतो, माँजी, आप चुप बैठो, आप बोलती हो तो वज़न बढ़ता है. एवढ्या घाईतही मला हसू फुटलं.

दहाला पाच कमी असताना आम्ही त्या उताराच्या पायथ्याशी पोचलो. पांढऱ्या डोंगरावर लाल-निळी निशाणं रोवलेली, त्यांच्या मधून वळत वळत खाली यायचं. नातीचा नंबर चौदा. गाडेवाल्यानं मला दोरीपाशी अगदी पुढं नेऊन उभं केलं आणि माणसांना बाजूला सारलं. नऊवारी, त्यावर फेरन, पायात भाड्याचे गमबूट. लोक शर्यत सोडून मलाच बघत होते.

एक आली, दुसरी आली, सहावी मधेच पडली तशी मी दोरी घट्ट धरली. मग चौदा नंबर. वरून मुंगीएवढी दिसत होती. पहिल्या निशाणाला वाकली, तसा बर्फाचा फवारा उडाला, आणि मग तिला थांबणं माहीतच नाही असं झालं. डावीकडं, उजवीकडं, एवढी आडवी की आता पडतेच. पण पडत नव्हती. मी आयुष्यात खूप माणसं कामात रमलेली बघितली आहेत. भट्टीपुढं बसलेले मालक बघितले आहेत, सोनं गळायच्या वेळी त्यांना हाक मारली तरी ऐकू जायची नाही. तसंच होतं ते. माझी नात पडायला गेली नव्हती, कामाला गेली होती.

खाली येऊन ती गर्रकन वळून थांबली. चष्मा वर केला. माझ्याकडं बघितलं आणि ओळखलंच नाही, त्या फेरनमुळं. मी म्हटलं, "काय गं, पाया पडायची रीत इसरलीस काय?"

ती पायाला त्या पट्ट्या लावलेल्याच दोरीखालून वाकली, आणि दोघी बर्फात बसलो. बसलो काय, पडलोच. दुसरी आली ती. घड्याळात पहिलीपेक्षा एका श्वासाएवढीच मागं. लोक टाळ्या वाजवत होते, ते दोघं भाऊ शिट्ट्या मारत होते.

थोरल्याला मीच फोन लावला. त्यानं आधी विचारलं, पोचलीस? मग विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, धाला पाच कमी, हितल्या हजार माणसांना इचार. तो हळू आवाजात म्हणाला, "बोल आई. तुझा शब्द."

"कराडच्या पाव्हण्यास्नी सांग, पोरगी कामावर हाय. बघायची असंल तर बर्फात या, वाट मी सांगते."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, "लय जोरात येती का गं ती?"

"तुझ्या बापासारखी. इकडं-तिकडं बघत न्हाई."

मग तो म्हणाला, तिला दे फोन. मी दिला आणि लांब जाऊन उभी राहिले. बाप-लेकीचं बोलणं ऐकू नये. चेहरा दिसत होता तेवढा पुरला.

तर तू विचारलं असतंस तर मी हे सांगितलं असतं. लेकरं घेऊन जायचं तर हात मोकळे ठेव आणि विमानानं जा, पण दोन दिवस जादा धर, बर्फ कुणाचं ऐकत नाही. विमानं थांबली तर कटऱ्याहून रेल्वेनं जा. टंगमर्गच्या वर साखळ्यांशिवाय गाडीत बसू नकोस. खोबरं नेऊ नकोस.

आणि त्याच्याही आधी इकडं ये. गावच्या यात्रेला नात येतेय, तीन वर्षांनी. सांगली स्टेशनावर तिला आणायला थोरला स्वतः जाणार आहे, हलगीवाल्यांना त्यानंच सांगितलंय, मला न विचारता. गावात आता तो पावसापाण्यावर जात नाही, पोरीचं नाव काढून पोरगी काय करते ते सांगत सुटतो, समोरचा उठून जाईपर्यंत. तिला भेट, लेकरांना तिच्यापुढं बसव. यात्रेचा दिवस सांभाळून येऊ नकोस, आधीच ये, चार दिवस राहा. मी वाट बघते.